बन्सीदादांच्या नावापाशी अडणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी कुंकू लागतं आणि मग करंट. ही माझ्या सासूबाईंची, साळूबाईंची शिस्त. मिक्सर, इस्त्री, फवारणीचा पंप, गॅसची शेगडी, सगळ्यांनी त्यांच्या हातचं हळदी-कुंकू लावून घेतलंय. आमच्या ह्यांच्या हेल्मेटनंसुद्धा. त्यावर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि मगच ते ह्यांच्या डोक्यावर जाऊ दिलं. पाटसच्या साखर कारखान्यात कामावर पोचेपर्यंत केसांतून तांदूळ गळत होते म्हणे. लग्न होऊन मी दौंडहून मांडवगण फराट्याला आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढं सवय झाली, आणि सवयीच्या गोष्टीकडं कुणी वळून बघत नाही.

मी राजनंदिनी. स्वभावानं तापट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको.

साल दोन हजार दोन. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं दुकान होतं आणि दुकानात एक कॉम्प्युटर. तो घेऊन दिला सासऱ्यांनी, जयसिंगआबांनी. ‘सून बी.कॉम. झालीया, तिला काय निस्त्या भाकरी थापाय आणलीया?’ असं ते भर पारावर म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या बदल्यात मी आबांचे पुढचे सगळे हट्ट निमूट सोसले. बरं, निमूट नाही, पण सोसले.

दुकानात अर्ज यायचे, बायोडेटा यायचे, पण खरा धंदा लग्नपत्रिकांचा. मी पत्रिका कॉम्प्युटरवर लावायची, तिची प्रिंट काढायची आणि शिरूरच्या प्रेसला पाठवायची. छपाई तिकडं. आता आमच्याकडची पत्रिका ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायला हवं की तीत वधू-वर असतात, पण कोपऱ्यात. बाकी सगळा कागद नावांचा. निमंत्रक, स्वागतोत्सुक, संयोजक, व्यवस्थापक, मामे, मावसे, चुलते, गावच्या विकास सोसायटीचे आजी-माजी चेअरमन. हातात पत्रिका पडली की माणूस आधी नवरीचं नाव बघत नाही, स्वतःचं शोधतो. सापडलं की मग बघतो, वर आहे की खाली. आणि नाव नसलं तर तो लग्नाला येत नाही. घरी जाऊन पाया पडलात तरी येत नाही.

अशी शेकडो नावं मी बिनतक्रार टाइप केली होती. त्या माघात घरचंच कार्य निघालं. माझी नणंद सोनम, आबांची एकुलती एक मुलगी, तिचं लग्न ठरलं आणि एका नावावरून घर दोन दिवस जेवताना गप्प बसलं.

ते नाव बन्सीदादांचं. बन्सीदादा म्हणजे आबांचे सख्खे थोरले भाऊ. सोनमला नदीत पोहायला त्यांनी शिकवलं, सायकल त्यांनी शिकवली, शाळेच्या गॅदरिंगला आबांच्या जागी तेच जाऊन बसायचे. मग सोसायटीची निवडणूक लागली. आबा उभे राहिले आणि दादांनी समोरच्या पॅनलच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. आबा पडले. निवडणुकीत पडलेला माणूस मतदारांना विसरतो, सूचकाला विसरत नाही. दादा पुढं दौंडला मुलाकडं राहायला गेले आणि आबांनी त्यांचं नाव घेणंच सोडलं. अगदीच वेळ आली तर ‘त्यो दौंडवाला’ म्हणायचे.

“वहिनी, दादा आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहीन, पण माझं मन मागं दारातच राहील,” सोनम मला म्हणाली. रडली नाही. ती रडत नाही, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी आबांना सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी आबांनी ताटावरून उठता उठता माझ्याकडं न बघता फर्मान काढलं.

“टाक एकदाचं त्याचं नाव. पर पार खाली. आन् बारीक अक्षरात.”

एवढं मिळालं हेच पुष्कळ होतं. पत्रिका घरची आहे तर झकास करू, म्हणून मी मोठा रंगीत गणपती शोधून ठेवला. आता आमचा जुना कॉम्प्युटर तो गणपती उघडायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात माझा कुकर व्हायचा. म्हणून मी शंभूला बोलावलं. शंभू दौंडच्या स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बोलण्यात हुशार, हातात चपळ आणि स्वतःवर प्रचंड विश्वास. मशीन बदलायची गरज नाही, आतला प्रोसेसर तेवढा बदलू, वाऱ्यासारखं पळंल, असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर नवा प्रोसेसर घेऊन हजर झाला.

त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर प्रोसेसर ठेवला, बिस्किटाएवढा पातळ चौकोन. शेजारी त्याच्यावर बसवायचा फॅन, खाली ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा असलेला. ठोकळ्याच्या पोटाला एक करडा चिकट थर होता, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद शंभूनं सोलून काढला. तेवढ्यात आतून सोनमची हाक आली, पोहे झालेत, गार व्हायच्या आत खा. आमच्या घरात पाहुण्याला काम संपेपर्यंत उपाशी ठेवत नाहीत. मी जाता जाता कुंकवाची वाटी घेऊन आलेल्या सासूबाईंना बजावलं.

“आत्याबाई, काय कुंकू लावायचं ते नंतर कॉम्प्युटरच्या डब्याला लावा. त्या बारक्या चौकोनाला हात लावायचा नाही. तो नाजूक आहे.”

“न्हाई लावत बाई. मला काय कळत न्हाई व्हय?”

पोहे खाऊन शंभू परत आला, गाणं गुणगुणत त्यानं प्रोसेसर बसवला, वर फॅन दाबला, डबा बंद केला. कॉम्प्युटर सुरू झाला तो खरंच वाऱ्यासारखा. गणपती डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडला. सासूबाईंनी डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी शंभूला वर दोन लाडू बांधून दिले.

संध्याकाळी पत्रिकेला बसलो. बसलो म्हणजे मी खुर्चीत आणि घर माझ्या पाठीशी. गणपती लागला, सोनमचं नाव लागलं, तिथी, मुहूर्त, ठिकाण लागलं. निमंत्रकांत पहिलं नाव जयसिंगआबांचं, ठळक अक्षरात. मग खाली उतरत उतरत सगळे पाव्हणे. शेवटी बन्सीदादांची पाळी आली तेव्हा आबा खाकरले.

“थांब जरा. निस्तं बन्सी लिहितीस का बन्सीराव?”

“राव लावू की, थोरले आहेत.”

“राव कशाला? आन् श्री तरी कशाला?”

मग त्यावर सासूबाई बोलल्या, त्यावर आबा बोलले, निवडणूक निघाली, सूचक निघाला. बऱ्याच वेळानं आबा गप्प झाले आणि मी ‘बन्’ एवढं टाइप केलं. पडदा थिजला. माऊस हलेना, बटणं दाबली तर अक्षर उमटेना. मी वाट बघितली, मग बटण दाबून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. नशीब, मी अधूनमधून सेव्ह करत होते. फाइल उघडली, शेवटच्या ओळीवर आले, ‘ब’ दाबला. पुन्हा तेच.

मग आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “बघा. मशीनलाबी त्यो मानूस पटत न्हाई.”

त्यांना इतकं खूश मी निवडणुकीआधीही पाहिलं नव्हतं.

सकाळी मी शंभूला फोन केला आणि मनातलं सगळं ऐकवलं. तो आला. डबा उघडून त्यानं मेमरीची पट्टी काढली, खिशातल्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, परत बसवली. “आता बघा,” म्हणाला. शिवाय त्या फाइललाच व्हायरस लागला असंल, नवी फाइल करा, असाही सल्ला दिला. मी पहिल्यापासून सगळं टाइप केलं. गणपती, तिथी, मुहूर्त, आबा, पाव्हणे. आता शंभूच्या साक्षीनं शेवटच्या नावाशी आले, तर आबांनी पुन्हा विचारलं, “पन मी म्हंतो, श्री कशाला?” पुन्हा तेवढाच वाद झाला. पुन्हा मी ‘बन्’ टाइप केलं आणि पुन्हा पडदा थिजला.

“लाईटचा दोष हाय,” शंभू म्हणाला. “तुमच्याकडं व्होल्टेज खालीवर व्हतंय.”

“लाईटीला बरं त्याच नावाला खालीवर व्हाया सुचतंय,” आबा म्हणाले.

मला हसू आलं असतं, पण मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदर पुढं ओढून हात जोडले होते. ज्यांनी आबांपुढं रदबदली केली त्यांनाच आता वाटू लागलं होतं की वरून कुणीतरी नको म्हणतंय. आणि त्यांच्यामागं दारात सोनम उभी होती.

जेवायला पानं मांडली. मशीन बंद करून ठेवलं. शंभूही जेवायला बसला, कारण तो कुठं जाणार? आबांनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला.

“उद्या पत्रिका शिरूरला पोचली पायजेल, न्हाईतर छपाई हुकंल. नाव नगं. मी टाकत हुतो, सगळ्यांनी बघितलं. देवाच्या मर्जीपुढं मी कोन?”

“बरं, आबा,” सोनम म्हणाली, आणि वाढायला उठली. आबांच्या पानात तिनं भाकरी वाढली, वर तूपही वाढलं, काही झालंच नसल्यासारखं. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी हातातली वाटी इतक्या जोरात ठेवली की आमटी शंभूच्या शर्टावर उडाली.

“आबा, मर्जी तुमची आहे, देवाचं नाव कशाला पुढं करताय?”

सुनेनं सासऱ्याला असं बोलायची आमच्याकडं रीत नाही. पण बाण सुटला होता, आता मागं यायचं नव्हतं.

“ह्याच मशीनवर मी दादांचं नाव सगळ्यांदेखत लिहून दाखवते. अडलं तर पत्रिका त्या नावाविना जाईल, मी परत शब्द काढणार नाही. आणि नाही अडलं, तर दादांचं नाव छापायचं आणि त्यांना आमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः दौंडला जायचं. आहे कबूल?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. तीन वेळा जिंकलेला माणूस चौथ्या खेळीला भीत नाही.

“कबूल. जेवून घे आधी.”

खरं सांगते, माझ्या डोक्यात काहीही योजना नव्हती. नुसता राग होता. हात धुताना थंड पाणी मनगटावर पडलं तेव्हा कुठं एक विचार आला. आबा म्हणतात मशीनला नाव पटत नाही. मग नाव पटत नसेल तर ते कुठंही पटायला नको. शेवटी नाही आणि पहिलंही नाही. मग ते पहिलंच टाकून का बघू नये?

दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. मी मशीन सुरू केलं, नवी फाइल घेतली, आणि निमंत्रक या शब्दाखाली, सगळ्यात वर, आबांच्या जागी, त्यांच्याच मापाच्या ठळक अक्षरात लिहिलं: श्री. बन्सीराव. ‘श्री’ही लावलं आणि ‘राव’ही. रागात होते ना.

मशीननं हूं की चूं केलं नाही.

“आत्याबाई, बघा!” मी ओरडले. सोनमनं मागून माझा खांदा इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. सासूबाईंनी नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांना अक्षरं जुळवून वाचावं लागतं, पण हे त्यांनी झटकन वाचलं.

“ह्यात काय?” आबा म्हणाले, पण आवाज उतरला होता. “फुडचं लिही. सगळी पत्रिका लिही. मग बघू.”

मी उलट्या बाजूनं निघाले. आधी सगळ्यात खालचे पाव्हणे, मग वरचे, मग मामे, मग सोसायटी. या खेपेला कुणी मध्ये बोलत नव्हतं, तरी नावं काय कमी होती का? सगळे पडद्याकडं डोळे लावून उभे. पार शेवटी एकच नाव उरलं, ते म्हणजे खुद्द आबांचं. मी लिहिलं, ‘श्री. जय’. आणि पडदा थिजला.

आधी शंभू हसला. त्यानं तोंडावर हात दाबला, पण हसू नाकातून बाहेर आलं. मग सोनम. मग सासूबाई पदर तोंडात घालून भिंतीकडं वळल्या आणि त्यांची पाठ हलू लागली. आबा पडद्यावरच्या अर्ध्या नावाकडं बघत राहिले.

“आता गं?”

“आता काय आबा? मशीनला तुम्हीसुद्धा पटत नाही.”

आबा क्षणभर रागवायच्या तयारीत होते. मग मिशी थरथरली, आणि ते असे हसले की बाहेर कट्ट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

हसणं ओसरल्यावर मी शंभूला धरलं. “नावाचा संबंध नाही, हे ठरलं. लाईट तर मघापासून एकसारखी आहे. मग दर वेळी होतं काय? सुरू केलं की काही वेळ चांगलं चालतं आणि मग थिजतं. काल बंद करून लगेच सुरू केलं तर लगेच थिजलं. आज जेवणभर बंद होतं तर एवढा वेळ चाललं.”

शंभूचा चेहरा बदलला. इतका वेळ तो पाव्हण्यासारखा उभा होता, आता कारागिरासारखा वाकला.

“वहिनी, तापतंय. नवा प्रोसेसर जुन्यापरीस गरम असतोय. पर त्याच्यासाठीच तर फॅन हाय.” त्यानं डबा उघडला. फॅन गरगर फिरत होता. त्यानं ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ह्यो थंडगार हाय.”

“मग चांगलं आहे की,” सोनम म्हणाली.

“चांगलं कसं? खालची उष्णता ह्याच्यात चढायला पायजे. तवा ठेवला आन् तवाच तापला न्हाई, म्हंजी तवा चुलीवर बसलेलाच न्हाई.” त्यानं मशीन बंद केलं, फॅनची पकड सोडवली, ठोकळा उचलला, आणि खालचा प्रोसेसर चाचपायला बोट लावलं. “आयाया!” म्हणून त्यानं बोट तोंडात घातलं. मग दुसऱ्या हातातला ठोकळा उलटा केला आणि तसाच बघत राहिला.

करड्या चिकट थरात, मधल्या जागेच्या जरा बाजूला, एक तांदळाचा दाणा रुतला होता. एका टोकाला कुंकू, दुसरं टोक भाजून तपकिरी.

आम्ही सगळे हळूहळू सासूबाईंकडं वळलो.

“मी त्या चौकोनाला हात लावला न्हाई,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलंस, न्हाई लावला. त्याच्या शेजारी ही चांदीवानी वस्तू पालथी पडली हुती. म्हनलं, मोठ्याचा मान तरी करावा. हिला दोन दानं वाह्यलं, बस.”

“आन् मी बसवताना कागदावर चार तांदूळ बघितलं बी,” शंभू बोट फुंकत म्हणाला. “पर तुमच्याकडं तांदूळ न्हाईत कुठं? मागच्या बारीला प्रिंटरातनं बी निघालं हुतं. झटकलं आन् बसवला फॅन. एक चिकटून ऱ्हायला आसंल.”

एवढासा दाणा. त्याच्यामुळं ठोकळा केसभर तिरका बसला, प्रोसेसरला नीट टेकलाच नाही, आणि बिचारा प्रोसेसर आतल्या आत भाजत गेला. आणि दोन्ही खेपांना दादांचं नाव यायच्या आधी आबांनी ‘श्री’वरून वाद घालून त्याला तापायला भरपूर वेळ दिला होता. हे मी आबांना सांगितलं. मला सांगायलाच हवं होतं, माझा स्वभाव तसा आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हंजी माझ्याच हातानं पोरीच्या काकाचं नाव अडत हुतं.”

“आई, तुझ्या अक्षतेपायीच तर आबा स्वतः दौंडला जाणार आहेत,” सोनम म्हणाली आणि त्यांना मिठीत घेतलं. मी सासूबाईंना वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसले होते, पण त्या दोन दाण्यांत त्यांनी माझ्या मशीनचं भलंच मागितलं होतं.

शंभूनं चाकूच्या टोकानं दाणा काढला, थर पुसून डबीतली पांढरी पेस्ट लावली, फॅन नीट दाबून बसवला. मशीन सुरू करून आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला, दुसरा चहा झाला. गणपती तीनदा उघडून बंद केला. काही थिजलं नाही. ठोकळ्याला हात लावला तर तो छान कोमट झाला होता.

“चला आबा,” मी म्हणाले. “ठरल्याप्रमाणं दादांचं नाव. पार खाली आणि बारीक. सांगा, श्री लावू का?”

आबा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. पडद्यावर मघाची फाइल होती. निमंत्रक, आणि खाली सगळ्यात वर, ठळक अक्षरात, श्री. बन्सीराव.

“आमच्या लग्नात,” ते म्हणाले, “वडलांनी पत्रिका काढली हुती. लाल कागदावर. तिच्यात असंच हुतं. आधी दादा, मग मी.” त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट टेकवलं. “मी कितींदा तरी म्हनलं हुतं वडलांना, लगीन माझं, मग त्यो आधी का? म्हनले, थोरला हाय.”

दादा. कित्येक वर्षांत आबांच्या तोंडून हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. सासूबाईंनी हातातली कपबशी हळूच खाली ठेवली.

“ऱ्हाऊ दे तसंच,” आबा उठत म्हणाले. “त्याच्या खाली माझं टाक.”

पत्रिका दुसऱ्या दिवशी शिरूरला गेली आणि छापून आली. पहिली दौंडला द्यायची ठरली. मीही आबांबरोबर निघाले, माझं माहेर तिथंच. एस.टी.त आबांनी पत्रिका मांडीवरून खाली ठेवली नाही. दादांच्या दारात पोचल्यावर त्यांनी चपला काढायला उगाच वेळ लावला. दादा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. वर बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“दादा, पत्रिका आनलीया,” आबा म्हणाले. कुंकवाच्या बोटानं पत्रिकेला टिळा लावला, वर अक्षता ठेवल्या आणि ती पुढं केली. त्या अक्षतांत एक दाणा टोकाला तपकिरी होता. सासूबाईंनी तो पुडीत बांधून दिला होता, तो आबांनी मला न सांगता आणला होता.

दादांनी सोनमचं नाव वाचलं, मान हलवली. मग बोट पत्रिकेच्या तळाशी ठेवलं. भावाला ते ओळखून होते, नाव असलं तर कुठं असेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटची ओळ, तिच्यावरची, तिच्यावरची. बोट वर सरकत गेलं आणि चेहरा उतरत गेला. मामे गेले, सोसायटी गेली. आबा खिडकीबाहेर बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी कधी नव्हे ते गप्प राहिले.

बोट वरच्या ओळीपाशी पोचलं आणि तिथंच राहिलं.

“हे असं वर कुनी टाकलं?”

“कॉम्प्युटरनं,” आबा म्हणाले.

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

“आपल्या दोघांपरीस शानं हाय म्हंजी,” दादा म्हणाले, आणि उठून त्यांनी आबांच्या पाठीत अशी थाप मारली की आबांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं ते त्या ठसक्यानं, असं आबा अजूनही सगळ्यांना सांगतात.